लाल जमिनीवरच्या रेघा

आमच्याकडे झोपलेल्या माणसाला ओलांडायचं नाही असा नियम होता. ओलांडलं की त्याची उंची खुंटते. चुकून ओलांडलंच, तर लगेच पाऊल मागे घेऊन उलटं ओलांडायचं, म्हणजे फिटलं. नियम काही जगावेगळा नाही, घरोघरी असतो. पण बाकीच्यांकडे तो आज्या आणि आत्या पाळतात, आमच्याकडे माझे वडील पाळायचे. त्यांना मी अण्णा म्हणायचे. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात ते ड्राफ्ट्समन होते. देवाला हात जोडायचे ते आई बघत असेल तेव्हाच, आणि मांजर आडवं गेलं तर म्हणायचे, त्यालाही कुठंतरी कामावर जायचं असेल. ओलांडण्याच्या बाबतीत मात्र एकदम सोवळे.

मल्लेश्वरममधल्या आमच्या घरात हॉल एकच होता आणि मी तिथं दाराशी चटई टाकून झोपायचे. कारखान्याची बस सकाळी सहाला कोपऱ्यावर यायची. मी पाच-सहा वर्षांची असताना एक दिवस अण्णांना उठायला उशीर झाला, बसचा हॉर्न वाजला, आणि ते चपला हातात घेऊन मला सरळ ओलांडून पळाले. परत फिरायला वेळ नव्हता. संध्याकाळी आल्यावर त्यांनी स्वतःच गुन्हा कबूल केला. पुढे माझी उंची चार फूट दहा इंचांवर येऊन थांबली, तेव्हा त्याचं खापर त्यांनी त्या बसवर फोडलं. फडताळावरचा डबा काढायला मी स्टूल ओढलं की ते कॉफी पिता पिता म्हणायचे, "चूक माझी. त्या दिवशी बस सोडायला हवी होती." असं म्हणताना त्यांचा डावा डोळा बारीक व्हायचा आणि मिशी एका बाजूला वर जायची. तो चेहरा मी इथं मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे तो राहिला नाही.

नक्की कधी गेला ते सांगता येत नाही. मी कॉलेजात जायला लागले त्या सुमारास कधीतरी. पण चेहऱ्याच्या आधी अक्षर गेलं.

ड्राफ्ट्समनचं अक्षर ही वेगळी गोष्ट असते. नकाशावर काही लिहायचं तर आधी पेन्सिलीनं दोन फिक्या रेघा मारायच्या आणि त्या दोन रेघांत अक्षर उभं करायचं, वर नाही की खाली नाही. अण्णांच्या हाताला ती सवय इतकी होती की वाण्याची यादीसुद्धा ते तशीच लिहायचे, रेघा न मारता, सगळी अक्षरं एका उंचीची. ती यादी बिघडली. तूरडाळ मोठ्या अक्षरात, खाली गूळ जरा लहान, आणि मिठापर्यंत येईतो मुंग्यांची रांग. दुकानदारानं दोनदा यादी परत पाठवली. आई म्हणाली, "कागद वाचवताय काय?" अण्णांनी यादी तशीच पिशवीत घातली. हात थरथरत असता तर कुणाच्याही लक्षात आलं असतं. त्यांचा हात थरथरत नव्हता, नुसता मंदावला होता.

मग चेहरा. पाहुणे हसले तरी हे हसेनात, आईनं विचारलं तरी नुसते बघत राहायचे. बोलणं कमी झालं, आवाज खाली गेला. त्यानंतर पाय. आमच्या घरात त्या काळच्या बंगळूरच्या घरांसारखी लाल सिमेंटची जमीन होती, एकसंध, कुठं सांधा नाही. आई तिला खोबरेल तेलाचा हात देऊन अशी ठेवायची की वाकलं तर आपलं तोंड दिसावं. संध्याकाळी बस यायची, अण्णा गेटमधून आत यायचे, अंगणातल्या दगडी फरशीवरून ठीक यायचे, तीन पायऱ्या चढायचे, आणि व्हरांड्यात पाय ठेवला की थांबायचे. पाय जमिनीला चिकटल्यासारखे. पाच मिनिटं, कधी दहा. आई आतून "या ना, कॉफी गार होते" म्हणायची आणि ते तिथंच, चेहऱ्यावर काही नाही.

ऑफिसात त्यांच्या शेजारच्या ड्रॉइंग बोर्डावर काम करणारे एक गृहस्थ आमच्याच क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, राहायचे. आईनं त्यांना एकदा आडून आडून विचारलं. ते म्हणाले, ऑफिसात तर काही नाही, हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सैनिकासारखे चालतात, अक्षरही पूर्वीइतकंच ताठ. आईच्या दृष्टीनं निकाल लागला. मला बी.एस्सी.ला घालण्यावरून तिचं आणि अण्णांचं त्याच वर्षी वाजलं होतं. म्हणजे हा राग होता, आणि तो फक्त घरच्यांसाठी राखून ठेवलेला होता. बाहेर माणूस धडधाकट आणि स्वतःच्या उंबऱ्याशी आलं की पाय उचलत नाही, याचा दुसरा अर्थ काय? "झोपी गेलेल्याला जागं करता येतं," ती मला म्हणाली, "सोंग घेतलेल्याला कोण करणार?" त्या दिवसापासून तिनं त्यांच्याशी बोलणं सोडलं. ताट वाढायची, कॉफी ठेवायची, कपडे काढून द्यायची. शब्द नाही. असं पाच महिने चाललं.

मला त्या पाच महिन्यांत काही वाटल्याचं आठवत नाही. घरात दोन माणसं बोलत नाहीत याचीही सवय होते, नळाला पाणी नसण्याची होते तशी. मी कॉलेजात जायचे, यायचे, जेवायचे, वही उघडायचे. आई म्हणते तेच खरं असेल असं मी धरून चालले होते, कारण त्याला विरोध करायचा तर काहीतरी वाटावं लागतं. मैत्रीण एकदा म्हणाली, "तुझ्या तोंडावर हल्ली काही दिसतच नाही." मी म्हटलं, दिसायला हवं असं काही नाहीये.

मग एका शनिवारी शेजारच्या कन्नड मुलींनी आमच्या व्हरांड्यात खडूनं कुंटे-बिल्लेचे चौकोन आखले. लंगडी घालत चौकोनांतून जायचा खेळ. बसची वेळ झाल्यावर त्या पळाल्या, चौकोन राहिले. मी खांबाला टेकून पुस्तक वाचत होते. अण्णा आले, पायऱ्या चढले, आणि थांबले नाहीत. पहिली रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली, तिसरी, चौथी, एकेक पाऊल नीट उचलून, शाळेच्या कवायतीसारखं. व्हरांडा संपला, चौकोन संपले, हॉल सुरू झाला आणि ते पुन्हा खिळले. पण या वेळी त्यांनी मान वळवली, अंग न वळवता नुसती मान, आणि मागच्या रेघांकडे बघत राहिले. बराच वेळ. मग मला म्हणाले, "खडू आण. माझी मोठी पट्टी आण."

मी आणली. त्यांनी हॉलच्या दारात उभ्या उभ्या सांगितलं आणि मी गुडघ्यांवर बसून रेघा मारल्या, दर अठरा इंचांवर एक. दुसरीच माझी तिरकी गेली. "पूस," ते म्हणाले. "पहिली चुकली तर चालेल, दुसरी चुकली की सगळ्या चुकतात." स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. तिच्या चकचकीत जमिनीवर पांढऱ्या रेघा बघून ती तोंड उघडणार होती. तेवढ्यात अण्णा चालले. दारापासून मधल्या खोलीपर्यंत, दहा रेघा, दहा पावलं. आई भिंतीला धरून उभी राहिली.

"मला आधी नाही सांगायचं?" पाच महिन्यांनंतरचं तिचं पहिलं वाक्य.

"मलाच कुठं ठाऊक होतं," अण्णा म्हणाले.

ती खाली बसली, माझ्या हातातला खडू घेतला आणि मधल्या खोलीतल्या रेघा स्वतः मारल्या. रडत होती, पण रेघा सरळ होत्या. मी तिच्याशेजारी पट्टी धरून बसले होते आणि ऑफिसातल्या जमिनीचा विचार करत होते. कारखान्याच्या वार्षिक दिवसाला मी एकदा तिथं गेले होते. चौकोनी फरश्या होत्या, आणि मध्ये सिमेंटच्या ठळक रेघा.

त्यानंतर आम्ही त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्यांना चालवलं, वळवलं, वर्तुळं काढायला लावली आणि म्हणाले, कंपवात. कंप नसलेलाही कंपवात असतो. खडूच्या रेघांचं सांगितल्यावर ते खुर्चीत पुढे झाले. चालणं, लिहिणं, हसणं ही कामं मेंदू आपल्याला न विचारता करत असतो, ते म्हणाले, यांच्याकडे ते खातं बंद पडत चाललंय. पण डोळ्यांनी खूण बघायची आणि ठरवून एक पाऊल टाकायचं, हे खातं निराळं. ते शाबूत आहे. मेंदूनं काम तिकडे वळवलंय.

अण्णा म्हणाले, "म्हणजे फ्रीहँड गेलं. रेघेवरचं राहिलं."

डॉक्टर हसले. आईला कळलं नाही, मला कळलं. पण मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. वडिलांना न बरा होणारा आजार आहे असं कळल्यावर माणसाला काय वाटतं ते मला सांगता येणार नाही, मला फक्त पावणेबारा वाजले होते ते आठवतं. निघताना डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली. रेघा नसतील तिथं जवळच्या माणसानं आपला पाय त्यांच्या पावलापुढे आडवा धरायचा, ते तो ओलांडून चालायला लागतील. मी लगेच धरून बघायला गेले तर अण्णांनी मान हलवली. "ते नको. हिला एकदा ओलांडलीय."

पुष्कळ वर्षांनी मी एका मासिकात वाचलं की हा आजार दिसू लागतो त्याच्या कितीतरी आधीपासून मेंदू आतल्या आत भागवत असतो. एकजण गैरहजर असला की दुसरा त्याचं काम उरकतो आणि साहेबाला पत्ता लागू देत नाही, तसं. म्हणजे डावा डोळा बारीक करून ते मला चिडवत होते, तेव्हाही आत ओढाताण चालू असेल. आणि आम्ही म्हणत होतो, सोंग.

रेघा मग घरचाच भाग झाल्या. आईला नुसत्या उघड्या रेघा बघवत नव्हत्या. प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना ती हळदीकुंकवाची बोटं लावायची. रोज सकाळी केर काढला की पट्टी घेऊन बसायची. वाण्याची यादी अण्णा आता माझ्या एकेरी रेघांच्या वहीत लिहायचे, मिठापर्यंत एका उंचीची. नोकरीही त्यांनी निवृत्तीपर्यंत रेटली. गोळ्यांनी घसा कोरडा पडायचा, बाकी फारसं काही होत नव्हतं. चेहरा मात्र कुठल्याच रेघेनं परत आणता आला नाही. सांगितलेलं त्यांना कळलं का, आवडलं का, लागलं का, काही समजायचं नाही. हळूहळू मी विचारायचं बंद केलं. चेहऱ्यावर काही नाही म्हणजे आत काही नाही, असं मी ठरवून टाकलं. सोपं पडतं.

मी बी.एस्सी. झाले आणि माझी दाखवादाखवी सुरू झाली. दोन स्थळं उंचीवरून गेली. तिसरं पुण्याकडचं, नवीनच बंगळूरला आलेलं, मुलगा इथल्या एका संशोधन संस्थेत. आईच्या मनात हे स्थळ भरलं होतं. पाहुणे यायचे त्या दिवशी सकाळी अण्णा म्हणाले, "मी दारापर्यंत चालत जाऊन त्यांना आत आणणार. खुर्चीतून नमस्कार करणार नाही." सबंध महिन्यात त्यांनी केलेली ही एकच मागणी होती.

मी "सरी" म्हटलं, कानडीतलं बरं. आणि दुपारी ओलं फडकं घेऊन हॉलमधल्या सगळ्या रेघा पुसून काढल्या.

कारण सांगायचं तर लाज. लोक विचारणार, हे काय, आणि मग आई सांगत बसणार, आणि मुलाची आई विचारणार की हे आनुवंशिक असतं का. एका दिवसाचा तर प्रश्न. त्यांना आधीच खुर्चीत बसवून ठेवू, असं मी ठरवलं. मी पुसत होते तेव्हा अण्णा मधल्या खोलीत पलंगावर बसून बघत होते. पहिली रेघ गेली, पाचवी गेली, दहावी गेली. चेहऱ्यावर काही नव्हतं. मी त्याला होकार समजले.

चारला त्यांना हॉलच्या खुर्चीत बसवलं. पाहुणे पाचपर्यंत आले नाहीत. अण्णांना मोरीकडे जायचं झालं, आईनं दोन्ही हात धरून त्यांना आत नेलं, आणि नेमकी तेव्हाच गेटशी टॅक्सी थांबली. आई त्यांना मधल्या खोलीच्या दारात चौकटीला धरून उभं करून पुढे पळाली. मुलगा, त्याची आई, त्याचे वडील आत येऊन बसले. मुलाची आई आमच्या आईचं दोन वाक्यं बोलणं ऐकून म्हणाली, "तुमचं इकडचं मराठी किती गोड आहे हो." गोड म्हणजे चुकीचं, एवढं आम्हा बंगळूरच्या मराठी माणसांना कळतं.

मी कॉफीचा ट्रे घेऊन अण्णांच्या मागे उभी होते. त्यांच्या पुढे लाल जमीन, पुसून लख्ख केलेली, दारापासून पाहुण्यांपर्यंत, आणि तिच्यावर एक ठिपका नाही. त्यांनी नमस्कारासाठी हात उचलायला घेतले. हात आले. पाय आले नाहीत. मुलाचे वडील हात जोडून उठले आणि तसेच अर्धवट उभे राहिले. आई म्हणाली, "या की, अहो." ते तिथंच, दगडासारखा चेहरा. मुलाच्या आईनं नवऱ्याकडे बघितलं, आणि तिला काय वाटलं ते मला स्वच्छ दिसलं. मुलीच्या वडिलांना हे पसंत नाही, म्हणून पाऊल पुढे टाकत नाहीत. आम्ही पाच महिने जे समजत होतो तेच ती समजली. त्यांच्या पाठीकडे बघताना मला दिसलं की मानेवरची शीर फुगली आहे. ते जोर लावत होते. सगळा जोर लावत होते, आणि बाहेर त्यातलं काही येत नव्हतं.

मी ट्रे स्टुलावर ठेवला, चौकटीतून बाजूनं पुढे झाले आणि साडीतून उजवा पाय काढून त्यांच्या पावलापुढे आडवा ठेवला. मोठ्यांच्या समोर पाय करायचा नाही, हे मला बसायला येऊ लागल्यापासून शिकवलेलं. पाहुण्यांच्या खुर्च्या करकरल्या.

"अण्णा, ओलांडा."

त्यांनी खाली बघितलं. वेळ गेला. मग उजवा पाय उचलला, माझा पाय ओलांडला आणि पलीकडे टेकवला. मला वाटलं, आता डावा येईल. डावा आला नाही. पुन्हा अडकले असं मला वाटलं, तेवढ्यात तोच उजवा पाय परत उचलला गेला, माझ्या पायावरून उलटा मागे आला आणि होता तिथं टेकला. सगळे बघत होते. अण्णा माझ्या कानाजवळ, मलाच ऐकू येईल असं म्हणाले, "तेव्हाचं राहिलं होतं."

मग त्यांनी पुन्हा ओलांडलं, आणि एकदा सुटलेले पाय चालत राहिले, थेट मुलाच्या वडिलांपर्यंत. तिथं त्यांनी उभ्यानं नमस्कार केला. मी कॉफी दिली, उप्पीट दिलं, विचारलेल्याची उत्तरं दिली. हात थरथरला नाही, काही सांडलं नाही. पाहुणे गेल्यावर मी खडू आणि पट्टी घेऊन बसले आणि दहाही रेघा परत मारल्या. तेव्हाही रडू आलं नाही.

दहा दिवसांनी कार्ड आलं. आईला वाचवेना, म्हणून मीच अण्णांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून वाचलं. घर चांगलं वाटलं, माणसं साधी वाटली, परंतु मुलीची उंची थोडी कमी पडते. पूर्वीची मी असते तर कार्ड घडी करून उठले असते. त्या दिवशी उठले नाही. त्यांच्या चेहऱ्याकडे बघत बसले. चेहरा हलला नाही, डोळा बारीक झाला नाही, मिशी वर गेली नाही. मी बसूनच राहिले. रस्त्यावरून एक भाजीवाली ओरडत गेली, लांब जाईपर्यंत ऐकू आली.

"चूक माझी," अण्णा म्हणाले. मग श्वास घेतला. "त्या दिवशी बस सोडायला हवी होती."

मी हसले. हसणं थांबेना, आणि त्यातच कधीतरी ते रडणं झालं. बधिर झालेल्या पायात रक्त परत येताना कळ येते, तशी कळ सगळ्या अंगातून आली, इतक्या वर्षांची. मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवलं. अण्णांनी रुमाल काढण्यासाठी हात खिशाकडे नेला. तो खिशापर्यंत पोचायला आणि रुमाल बाहेर यायला पुष्कळ वेळ लागला. मी थांबले.